‘उंटावरून शेळ्या हाकू नका’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

इम्प्लांटला चिकटलेल्या जंतूंवरच्या माझ्या लेखावर एका अस्थिरोगतज्ज्ञांनी, नाव न देता, सविस्तर प्रतिक्रिया लिहिली आहे. म्हणणे थोडक्यात असे : रिपोर्टमध्ये ‘सेन्सिटिव्ह’ (म्हणजे त्या जंतूवर चालणारे) आलेले औषध इम्प्लांटवर फुकट जाऊ शकते, असे लिहून मी पेशंटना घाबरवते, बायोफिल्मवर (जंतूंनी स्वतःभोवती केलेल्या चिकट थरावर) औषध तपासण्याच्या पद्धतींचा उपचारात फायदा सिद्ध झालेला नाही, रिफाम्पिसिन या अँटिबायोटिकबाबत मी जुनाच अभ्यास कवटाळून बसले आहे, आणि शेवटी, ‘ऑपरेशन थिएटरचे तोंड न पाहिलेल्यांनी लॅबमध्ये बसून उंटावरून शेळ्या हाकू नयेत.’

डॉक्टरसाहेब, आधी तुमच्या बाजूचे. लेखाचे शीर्षक भडक होते. ‘खोटा रिपोर्ट’ म्हणायला नको होते. रिपोर्ट खोटा नसतो, तो भलत्याच प्रश्नाचे खरे उत्तर असतो. शीर्षक बदलले आहे. झाले समाधान?

आता उंटाकडे वळू.

मी मायक्रोबायोलॉजीच्या बेंचवर नोकरीची सगळी वर्षे काढली. थिएटर पाहिले नाही, कबूल. पण थिएटरमधून काय येते ते रोज पाहिले. संसर्ग झाला म्हणून काढलेला स्क्रू फॉर्मॅलिनमध्ये बुडवून यायचा आणि सोबतच्या कागदावर ‘कल्चर करा’, म्हणजे जंतू वाढवून ओळखा! फॉर्मॅलिनने जंतू मरतात, हे सांगायला फोन केला की पलीकडून आवाज चढायचा. कधी जखमेच्या तोंडावर फिरवलेला एकच स्वॅब यायचा, आणि त्यावरून आत धातूवर काय बसले आहे ते आम्ही ओळखायचे. तेव्हा उंटावर नेमके कोण बसले होते?

आणि घरचे सांगते, कारण तुम्ही ‘पेशंटची वेदना तुम्हाला काय कळणार’ असेही लिहिले आहे. माझ्या सासूबाईंचा गुडघा बदलल्यावर चिघळला. कल्चरमध्ये स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस, म्हणजे आपल्या कातडीवरचाच रहिवासी. रिपोर्टवर ओळीने ‘एस’, म्हणजे सेन्सिटिव्ह. औषध चालू असेतो पू थांबायचा, बंद केले की पुन्हा वाहायचा. शेवटी सांधा काढावा लागला, मध्ये जागा धरून ठेवायला सिमेंटचा स्पेसर, मग दुसरे ऑपरेशन. ‘रिपोर्टप्रमाणेच औषध दिले होते,’ असे त्यांच्या सर्जननी मला तोंडावर सांगितले. तशा रिपोर्टांवर सही करणारी मी, ऐकून घेतले. वेदना कळत नाही म्हणे!

त्या ‘एस’चा अर्थ काय, एवढेच मी लेखात सांगत होते. आम्ही प्लेटवर वाढलेली जंतूंची कॉलनी, म्हणजे ठिपका, उचलतो, सलाइनमध्ये कालवतो, दर मिलीलिटरला साधारण 5 लाख जंतू राहतील असे पातळ करतो आणि म्युलर-हिंटन ब्रॉथमध्ये (जंतू वाढवायच्या पोषक द्रवात) औषधासोबत 35 अंशांवर रात्रभर ठेवतो. हे जंतू सुटे, तरंगणारे, भराभर वाढणारे असतात. धातूवरचे जंतू स्वतःच्या चिकट थरात दडलेले असतात. खालच्या थरातले तर जवळजवळ वाढतच नाहीत, आणि पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधे मारतात ती वाढणाऱ्याला. त्यामुळे चिकटलेल्यांना मारायला सुट्यांच्या शेकडो पट औषध लागू शकते, तेवढे रक्तात पोचवणे बहुतेक औषधांच्या बाबतीत अशक्य. हा माझा शोध नाही. परकी वस्तू आत असली की पारडे कसे फिरते, ते 1957 मध्ये एलेक आणि कोनेन यांनी स्वयंसेवकांच्या कातडीवर दाखवले होते : एरवी गळू व्हायला लाखो स्टॅफिलोकोकस लागत, आत रेशमी टाका असला की काहीशे पुरत.

म्हणून तर 1999 मध्ये कॅल्गरी विद्यापीठाच्या मंडळींनी 96 खुंट्यांचे झाकण केले. खुंट्यांवर आधी थर जमू द्यायचा, मग झाकण औषधाच्या प्लेटवर ठेवायचे, मग धुऊन पाहायचे की काय जिवंत आहे. तुम्ही म्हणता, सिस्टिक फायब्रोसिस या फुफ्फुसे बिघडवणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांत अशा चाचणीवरून औषध निवडून फायदा दिसला नाही. नाही दिसला. ती फुफ्फुसे आहेत, मी गुडघ्यातल्या धातूबद्दल लिहिले होते. पुढे.

रिफाम्पिसिनचेही तेच. झिमरली यांच्या इम्प्लांटच्या संसर्गावरच्या 1998 च्या स्विस अभ्यासात उपचार पूर्ण केलेल्यांपैकी सिप्रोफ्लॉक्सासिन या दुसऱ्या अँटिबायोटिकला रिफाम्पिसिनची जोड मिळालेले 12 पैकी 12 बरे झाले, जोड नसलेले 12 पैकी 7. तुम्ही 2020 ची नॉर्वेची चाचणी माझ्या तोंडावर फेकलीत, तिच्यात फरक दिसला नाही म्हणून. वाचली आहे. रुग्ण 48. त्यावर सवडीने लिहीन, दटावल्यावर नाही. (रिफाम्पिसिन एकटे द्यायचे नसते, एका म्युटेशनने ते निकामी होते, हे लेखातच होते. तुम्ही तो परिच्छेद वाचला नसावा.)

पेशंट घाबरले असतील तर मला त्याचे दुःख आहे. पण तुमच्या प्रतिक्रियेखाली ज्या ताईंनी ‘मग डॉक्टरांना काय विचारू?’ असे लिहिले, त्यांना तुम्ही उत्तर दिलेले नाही, म्हणून मी देते. ताई, इम्प्लांट काढायची वेळ आली तर ते निर्जंतुक डब्यात, फॉर्मॅलिनशिवाय लॅबला जाणार का, आणि तिथे सोनिकेशनची सोय आहे का, हे आधीच विचारा. ध्वनिलहरींनी थर सुटा करून कल्चर केले तर ट्रॅम्पुझ यांच्या 2007 च्या अभ्यासात 78.5 टक्के संसर्ग पकडले गेले, नुसत्या ऊतीच्या तुकड्यांवरून 60.8 टक्के.

डॉक्टरसाहेब, तुमच्याकडे काढलेले स्क्रू कशात घालून पाठवतात, तेवढे खाली लिहा. नाव नाही लिहिलेत तरी चालेल.