विक्रीपत्र झाले म्हणून किरायेदार निघत नाही

नागपुरात घर शोधणाऱ्यांच्या मोबाइलवर सध्या एक मजकूर फिरतो आहे. महाल, इतवारी, धंतोली, सक्करदरा अशा जुन्या वस्त्यांतली किरायेदार असलेली घरे बाजारभावापेक्षा बरीच स्वस्त मिळतात, ती बिनधास्त घ्यावीत, असा त्याचा सल्ला आहे. त्यासाठी दिलेली कारणे अशी: विक्रीपत्राची नोंदणी झाली की जुन्या मालकाने केलेला करार आपोआप संपतो, नव्या मालकाने पंधरा दिवसांची नोटीस दिली की खोल्या रिकाम्या कराव्याच लागतात, अकरा महिन्यांचा नोटरी केलेला करार असेल तर किरायेदाराला कोणताही हक्क मिळत नाही, तीन महिन्यांचा किराया थकला की विषय संपला, एवढे करूनही कोणी हलत नसेल तर नळ आणि वीज बंद करावी, आणि 2021 चा नवा कायदा आता पूर्णपणे मालकाच्या बाजूने आहे. शेवटी एक भीतीही घातली आहे की, बारा वर्षे गेली तर किरायेदारच मालक होतो, म्हणून घाई करा.

यातली किमतीची गोष्ट खरी आहे. किरायेदाराच्या संमतीशिवाय मालक घर विकू शकतो आणि ते आधी किरायेदारालाच विकले पाहिजे असे बंधन कायद्यात नाही, हेही खरे आहे. बाकीचा मजकूर मात्र माणसाला कोर्टाच्या पायऱ्या चढायला लावणारा आहे.

पहिला दावा मुळातच उलटा आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 109 नुसार भाड्याने दिलेली मालमत्ता विकली गेली की खरेदीदार जुन्या मालकाच्या जागी येऊन उभा राहतो. त्याला जुन्या मालकाचे हक्क मिळतात, त्याबरोबर जबाबदाऱ्याही येतात आणि भाडेकरार त्याच अटींवर चालू राहतो. त्यासाठी किरायेदाराने नव्या मालकाला मान्यता देणारा कागद करून देण्याचीही गरज नसते. मजकूर लिहिणाऱ्याचा गोंधळ बहुधा लीव्ह अँड लायसन्समुळे, म्हणजे घर भाडेपट्ट्याने न देता नुसती राहण्याची परवानगी देणाऱ्या करारामुळे झाला असावा, कारण तिथे गोष्ट वेगळी आहे. त्याच वर्षीच्या सुविधाधिकार अधिनियमातील कलम 59 सांगते की, मालमत्ता हस्तांतरित झाल्यावर नवा मालक जुन्या मालकाने दिलेल्या लायसन्सने बांधील राहत नाही. म्हणजे घरात राहणारा माणूस भाडेकरू आहे की लायसन्सी (अशा परवानगीने राहणारा), या एका प्रश्नावर सौद्याची अर्धी किंमत ठरते, आणि मजकुरात नेमका तोच प्रश्न विचारलेला नाही.

मी स्वतः तीन वर्षांपूर्वी महालातले एक दुमजली घर पाहायला गेलो होतो. वरचा मजला रिकामा होता आणि खाली दोन बिऱ्हाडे होती. दलाल जिन्यातच म्हणाला, ‘‘खालच्यांचं काही नाही साहेब, महिन्याभरात उठवून देतो.’’ तो फोनवर बोलायला बाहेर गेला तेव्हा मी खालच्या दारावर टकटक केली. आतल्या आजींनी बसायला खुर्ची दिली, आणि मी किरायाबद्दल विचारताच कपाटातून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. त्यात रबर लावलेले पावत्यांचे गठ्ठे होते. सर्वांत जुनी पावती 1971 ची, अठरा रुपयांची, महसुली तिकीट लावलेली. अलीकडच्या सगळ्या दोनशे चाळीस रुपयांच्या. वीजमीटर त्यांच्या दिवंगत पतीच्या नावावर होता. ‘‘घर तुम्ही घेऊन राहिले का?’’ त्यांनी विचारले. मी हो म्हटल्यावर त्या म्हणाल्या, ‘‘घ्या ना. किराया कोनाले द्याचा, तेवढं सांगून द्या.’’

कलम 109 चे व्यवहारातले सार त्या एका वाक्यात आले होते. घर विकले गेल्याचे किरायेदाराला कळलेच नाही आणि त्याने जुन्या मालकालाच किराया दिला, तर नवा मालक तो पुन्हा मागू शकत नाही. विक्रीपूर्वीची थकबाकीही खरेदीदाराला आपोआप मिळत नाही. ती वसूल करण्याचा हक्क विक्रीपत्रात स्पष्ट लिहून घ्यावा लागतो. म्हणून नोंदणीच्या दिवशीच विकणाऱ्याच्या सहीचे पत्र प्रत्येक किरायेदाराला द्यावे आणि पोच घ्यावी. त्या पत्रात यापुढे किराया कोणाला द्यायचा आणि डिपॉझिट कोणाकडे आहे, या दोन्ही गोष्टी असाव्यात. डिपॉझिट विकणाऱ्याने स्वतःकडेच ठेवले असेल तर तेवढी रक्कम किमतीतून वजा करून घ्यावी, नाहीतर किरायेदार जाताना ते तुमच्याकडे मागेल.

आता नोटिशीबद्दल. पंधरा दिवसांची नोटीस हा शब्दप्रयोग मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम 106 मधून आला आहे. पण नागपूर शहरातल्या घरांना महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 लागू आहे. हा कायदा 31 मार्च 2000 पासून अमलात आला आणि तो किरायेदाराला त्या नोटिशीपलीकडे संरक्षण देतो. कलम 16 मध्ये दिलेल्या कारणांपैकी एखादे कारण न्यायालयात सिद्ध केल्याशिवाय ताबा मिळत नाही. इथल्या जुन्या लोकांच्या तोंडी अजून ‘रेंट कंट्रोलर’ आहे, कारण आपला भाग मध्य प्रांत-वऱ्हाडात असतानाचा 1949 चा भाडे नियंत्रण आदेश विदर्भात 2000 पर्यंत चालू होता आणि त्याखाली किरायेदाराला काढण्यासाठी आधी रेंट कंट्रोलर या अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी लागे. ती पायरी आता उरलेली नाही. मालक थेट न्यायालयात जातो. पण न्यायालयात जावेच लागते.

खरेदीदाराच्या डोक्यात सहसा ‘मला स्वतःला राहायचे आहे’ हे कारण असते. ते कलम 16 मध्ये आहे, परंतु गरज वाजवी आणि प्रामाणिक असली पाहिजे. शिवाय न्यायालय दोन्ही बाजूंची अडचण तोलून पाहते: मालकाला दुसरे घर आहे का, किरायेदाराला दुसरीकडे जाता येईल का. काही खोल्यांवर भागत असेल तर तेवढ्याच खोल्यांचा ताबा दिला जाऊ शकतो. ज्याचे मानेवाड्यात तीन खोल्यांचे स्वतःचे घर आहे आणि ज्याने महालातले घर निव्वळ स्वस्त मिळाले म्हणून घेतले, त्याने आपली गरज न्यायाधीशांसमोर कशी मांडता येईल याचा विचार इसार देण्याआधी करावा. या कारणावर ताबा मिळवून महिन्याभरात राहायला गेला नाही किंवा वर्षाच्या आत घर दुसऱ्याला भाड्याने दिले, तर कलम 17 खाली जुना किरायेदार ताबा परत मागू शकतो. याउलट किरायेदाराने दुसरीकडे फ्लॅट घेतला आणि इथल्या खोलीला नुसते कुलूप लावून ठेवले, तर दाव्यापूर्वीचे सलग सहा महिने वाजवी कारणाशिवाय वापर नसणे हे कारण मालकाला मिळते. मात्र केवळ फ्लॅट घेतल्याने खोली रिकामी होत नाही, हेही लक्षात ठेवावे.

थकलेल्या किरायाचे तसेच आहे. कलम 15 नुसार आधी लेखी मागणी करावी लागते आणि ती केल्यावर नव्वद दिवस उलटेपर्यंत दावा लावता येत नाही. दावा लागल्यानंतरही समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत किरायेदाराने थकबाकी, त्यावर दरसाल पंधरा टक्के साधे व्याज आणि दाव्याचा खर्च भरला, तर त्या कारणावर त्याला काढता येत नाही. दोनशे चाळीस रुपये महिना देणाऱ्याला ही रक्कम जमवणे अवघड जात नाही. किराया वाढवून त्याला जेरीस आणू, असे म्हणणाऱ्याने हिशेब करून पाहावा: कलम 11 खाली वर्षाला चार टक्के वाढ मिळते, म्हणजे या उदाहरणात महिन्याला नऊ रुपये साठ पैसे. सुधारणांपोटी आणि वाढलेल्या करांपोटी काही अधिक मागता येते, पण घर राहण्याजोगे ठेवण्याची दुरुस्ती मालकाच्याच माथी असते.

नोटरीच्या कराराचा गैरसमज सुशिक्षित घरांतही पक्का बसलेला आहे. नोंदणी अधिनियमानुसार वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी आवश्यक असते, म्हणून अकरा महिन्यांची पद्धत पडली. महाराष्ट्रात मात्र 1999 च्या कायद्याच्या कलम 55 ने भाडेकरार आणि लीव्ह अँड लायसन्स, दोन्ही लेखी आणि नोंदणीकृत असणे सक्तीचे केले आहे, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे आणि ती टाळणे हा गुन्हा आहे. तसा कागद नसेल तर कोणत्या अटींवर घर दिले होते याबद्दल, उलट सिद्ध होईपर्यंत, किरायेदाराचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. त्यामुळे शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवरचा नोटरी करार दाखवून ‘हा काही किरायेदार नाही’ असे सांगणारा विक्रेता तुम्हाला धीर देत असला, तरी त्या कागदाने तुमची बाजू कमजोरच होते. 2000 नंतर आलेल्या किरायेदाराला संरक्षण नाही, हा समजही चुकीचा आहे.

राहण्यासाठी दिलेले नोंदणीकृत लीव्ह अँड लायसन्स असेल तर चित्र बरेच बरे असते. मुदत संपल्यावर कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा प्रकरणांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, ताब्यासाठी अर्ज करता येतो. लायसन्सीला आपली बाजू मांडण्यासाठी तीस दिवसांत परवानगी मागावी लागते आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट शुल्क मागता येते. खरेदीदाराने, शक्य असेल तर, व्यवहाराच्या वेळीच त्या माणसाशी स्वतःच्या नावाने नवा नोंदणीकृत करार करावा किंवा त्याला आधीच घर रिकामे करायला सांगावे.

नळ आणि वीज तोडण्याच्या सल्ल्यावर जास्त लिहिण्यासारखे काही नाही. कलम 29 खाली तो गुन्हा आहे. कुलूप बदलले, तर विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम 6 खाली किरायेदार सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मिळवू शकतो आणि त्या दाव्यात घर कोणाच्या मालकीचे आहे याची चौकशीही होत नाही.

2021 चा म्हणून सांगितला जाणारा कायदा म्हणजे केंद्राने राज्यांसाठी तयार केलेला आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा. तो राज्याने स्वीकारल्याशिवाय इथे लागू होत नाही आणि महाराष्ट्रात 1999 चाच कायदा चालतो. बारा वर्षांच्या भीतीबद्दल एवढेच, की किरायेदार मालकाच्या परवानगीने राहतो. नुसती वर्षे मोजून तो मालक होत नाही आणि पावत्या चालू असतील तर त्या पावत्याच त्याच्या मालकीच्या दाव्याविरुद्धचा पुरावा ठरतात.

मजकुरात जे मुळीच नाही ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम 3 नुसार, घरात प्रत्यक्ष राहणाऱ्या माणसाचा जो काही हक्क असेल तो खरेदीदाराला माहीत होता असे धरले जाते. म्हणजे त्या माणसाकडे जुन्या मालकाने करून दिलेले इसारपत्र असले आणि तुम्ही त्याला काही विचारलेच नसले, तर ‘मला ठाऊक नव्हते’ हे उत्तर चालत नाही. आखीव पत्रिका (जागेचा सरकारी उतारा), मनपाची करपावती, नझूल म्हणजे सरकारी जमिनीचा किंवा नागपूर सुधार प्रन्यासचा पट्टा हे सगळे कागद पाहणारी माणसे दाराआड राहणाऱ्याशी दोन मिनिटे बोलत नाहीत, कारण दलाल म्हणतो की त्यांना उगाच सावध करू नका. इसाराआधी प्रत्येक बिऱ्हाडाकडून लेखी घ्यावे: कधीपासून राहतात, कोणत्या खोल्या, किती किराया, घरात कोण कोण, आणि किरायेदारीखेरीज दुसरा काही हक्क सांगतात का. मूळ किरायेदार वारला असेल तर त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे किरायेदारी जाते, म्हणून ‘आजी किती दिवसांच्या’ हा दलालाचा हिशेब क्रूर तर आहेच, शिवाय चुकीचाही आहे.

एखाद्याला पैसे देऊन मोकळे करणे मात्र बेकायदेशीर नाही, जरी ते कुजबुजत सांगितले जात असले तरी. जागा सोडण्याबद्दल किरायेदाराने मोबदला घेणे कलम 56 ला मान्य आहे. ते लेखी करावे, रक्कम बँकेतून द्यावी आणि खोली रिकामी पाहिल्यावरच शेवटचा हप्ता द्यावा. महालातले ते घर मी शेवटी याच पद्धतीने घेतले. खालचा मजला मिळणारच नाही असे धरून किंमत सांगितली आणि पाच महिने घासाघीस केली. विक्रीपत्रात खालच्या मजल्याचा प्रत्यक्ष ताबा मिळाला नसल्याचे स्पष्ट लिहिले. दोन बिऱ्हाडांपैकी एक मोबदला घेऊन मुलाकडे राहायला गेले. आजी तिथेच आहेत. दर महिन्याच्या पाच तारखेला मी जातो, त्या दोनशे चाळीस रुपये मोजून देतात, आणि माझ्या नावाची पावती त्याच पत्र्याच्या डब्यात जाते.