रशियन ‘सुविचार’ नेमके कुणाच्या तोंडचे?

‘थोर रशियन लेखकांची नैतिक शिकवण’ म्हणून चार वाक्यं पुन्हा पुन्हा फिरतात. वाक्यं खरी आहेत, पण ती लेखकांची नव्हेत, त्यांच्या पात्रांची. शिवाय मागची-पुढची ओळ छाटलेली.

‘माणसाचं सगळं सुंदर असावं: चेहरा, कपडे, मन, विचार.’ खाली चेखॉव्हचं नाव. सोव्हिएत शाळांच्या भिंतींवर हे झळकायचं. मूळ ठिकाण ‘वान्यामामा’ (१८९७), अंक दुसरा. (इंग्रजीमुळे आपण ‘अंकल वान्या’ म्हणतो, पण वान्या हा नाटकातल्या सोन्या या मुलीचा मामाच.) डॉक्टर आस्त्रोव्ह हे बोलतो येलेनाबद्दल, म्हणजे म्हाताऱ्या प्राध्यापकाच्या तरुण बायकोबद्दल, आणि लगेच पुढे: ती सुंदर आहे यात वाद नाही, पण नुसती खाते, झोपते, फिरते, आपल्याला भुरळ घालते; राबतात दुसरेच. ऐतखाऊ आयुष्य निर्मळ असूच शकत नाही. म्हणजे सुविचार कसला, तक्रारीची सुरुवात! तिसऱ्या अंकात हाच डॉक्टर महिनाभर कामधाम टाकून तिच्या मागे असतो.

‘सौंदर्य जगाला वाचवेल.’ दोस्तोयेव्हस्कीच्या ‘इडियट’ कादंबरीत नायक प्रिन्स मिश्किन हे बोलताना कुठेच दिसत नाही. तिसऱ्या भागात क्षयाने मरणपंथाला लागलेला इप्पोलित त्याला चारचौघांत डिवचतो: असं म्हणाला होतात ना? कुठलं सौंदर्य? इप्पोलितलाही ते कोल्या या मित्राकडून कळलेलं. मिश्किन उत्तर देत नाही. चौथ्या भागात मिश्किनवर जीव असलेली अग्लाया त्याला दम भरते: पाहुण्यांपुढे हा विषय काढलात तर पुन्हा तोंड दाखवू नका. या वाक्याला भाकिताचा मान दिला तो लेखक सोल्झेनित्सिनने, नोबेल व्याख्यानात.

‘माणूस! या शब्दातच अभिमान आहे.’ गॉर्कीच्या ‘द लोअर डेप्थ्स’ या १९०२ च्या नाटकात हे बोलतो सातिन: पत्त्यांत लबाडी करणारा, खुनासाठी तुरुंग भोगलेला, भिकार निवाऱ्यात पडलेला आणि त्या क्षणी प्यायलेला. मूळ क्रियापद ‘ध्वनित होणं’ असं आहे. ‘माणूस असल्याचा अभिमान बाळगा’ हा अनुवाद त्याचा उपदेश करून टाकतो. छाटली जाते ती खरी धारदार ओळ: माणसाचा मान राखा, कीव करून त्याला खाली पाडू नका.

ग्रिबोयेदॉव्हचं एक वाक्य मात्र जागेवर परत ठेवलं तरी टिकतं. ‘वो फ्रॉम विट’ या त्याच्या नाटकात बडा अधिकारी फामुसॉव्ह तरुण नायक चात्स्कीला सरकारी नोकरी धर म्हणतो. तो उत्तरतो: सेवा आनंदाने करीन, हुजरेगिरीची शिसारी येते. रशियनमध्ये दोन्ही क्रियापदं एकाच धातूची, फरक उपसर्गाचा आणि शेपटीचा. चौथ्या अंकापर्यंत सगळं मॉस्को चात्स्कीला वेडा ठरवून मोकळं होतं.