तुमच्या एका स्टारला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

रिव्ह्यू वाचला त्याच रात्री उत्तर लिहायला बसले होते. ते पुसून टाकलं, बरं झालं. नंतर तुमच्या ऑर्डरचे फोटो, पॅकिंग करतानाचा व्हिडिओ आणि आमची लिस्टिंग पुन्हा काढून नीट पाहिली. म्हणून चार दिवस उशीर.

बाकी वाचणाऱ्यांना संदर्भ कळावा म्हणून थोडक्यात सांगते. ताईंनी आमच्याकडून सत्तरच्या दशकातलं, लुंदबी या स्वीडिश कंपनीचं बाहुलीघर फर्निचरसकट घेतलं. त्यांचं म्हणणं असं: स्वयंपाकघरातलं कपाट बाकीच्या सामानाशी जुळत नाही, दिवे दुसऱ्या दिवशी लावताच गेले, बैठकीच्या खोलीचा वॉलपेपर डागाळलेला आहे, एका खुर्चीचं प्लास्टिक वितळलंय, आणि एकूणात ‘व्हिंटेज हे भंगाराला दिलेलं गोंडस नाव आहे’.

कपाटाचं आधी घेते, कारण तिथे तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. लुंदबीची घरं १:१८ मापाची, म्हणजे खऱ्याच्या अठराव्या हिश्शाएवढी असतात. ते कपाट बार्टन या ब्रिटिश कंपनीचं आहे, साधारण १:१६ चं. ऐकायला फरक किरकोळ वाटतो. पण सहा फुटी कपाट १:१८ मध्ये दहा सेंटिमीटरच्या किंचित वर जातं आणि १:१६ मध्ये साडेअकराच्या जवळ. म्हणजे सव्वा सेंटिमीटर जास्त. त्या घरात राहणाऱ्या बाहुलीच्या हिशेबाने ते नऊ इंच झाले! सिंकशेजारी उभं केल्यावर ते अंगावर आल्यासारखं दिसतं. तुमच्या डोळ्यांना ते खटकलं, यात तुमच्या डोळ्यांचा काही दोष नाही.

ते कपाट आम्ही वेगळं आणून त्यात घातलेलं नव्हतं. ज्या कुटुंबाकडून घर आलं त्यांच्याकडे ते पहिल्यापासून त्याच स्वयंपाकघरात होतं. मुलं खेळताना कंपनी बघत नाहीत, हाताला लागेल ते आत ठेवतात. मला स्वतःला असं खेळलेलं, सरमिसळ झालेलं घर जास्त आवडतं. पण लिस्टिंगमध्ये मी लिहिलं होतं, ‘सगळं फर्निचर मूळचं’. माझ्या डोक्यात मूळचं म्हणजे घराबरोबर आलेलं. वाचणारा मूळचं म्हणजे त्याच कंपनीचं असं समजणार, आणि तसंच समजायला हवं. हा शब्द मी गेली कित्येक वर्षं असा सैल वापरत आलेय आणि आजवर कुणी हटकलं नव्हतं. आता प्रत्येक वस्तूपुढे कंपनीचं, घराबरोबर आलेलं किंवा आम्ही घातलेलं, यांपैकी एक काहीतरी स्पष्ट लिहायला सुरुवात केलीय. लुंदबीचं कपाट माझ्याकडे आहे, ते आमच्या खर्चाने पाठवते. बार्टनचंही राहू द्या. वेगळं ठेवलं तर देखणं आहे.

दिव्यांबाबत मात्र निम्मा दोष मी घेईन, पूर्ण नाही. रिव्ह्यूमधल्या तुमच्या तिसऱ्या फोटोत प्लगच्या बाजूला अ‍ॅडॉप्टर दिसतो आणि त्यावरचा १२ व्होल्टचा आकडा मोठा केल्यावर वाचता येतो. लुंदबीच्या त्या काळातल्या घरांची वायरिंग ४ व्होल्टची आहे. तिप्पट व्होल्टेज दिल्यावर ते इवलेसे बल्ब क्षणभर लख्ख पेटतात आणि जातात. तुम्हीही ‘आधी खूप छान उजेड पडला’ असं लिहिलंय, तो हाच.

तुमची गफलत कशी झाली तेही लक्षात येतं. संग्राहकांची बरीच घरं १:१२ मापाची असतात. विंडसर कॅसलमधलं, एडविन लट्यन्स यांनी आखलेलं आणि १९२४ मध्ये पूर्ण झालेलं क्वीन मेरीचं बाहुलीघरही त्याच मापाचं. आज १:१२ साठी मिळणारे दिवे बरेचदा १२ व्होल्टचे असतात, त्यामुळे आधीच्या घराचा अ‍ॅडॉप्टर हाताशी असला की तोच लावला जातो. माझा निम्मा दोष असा, की पार्सलमधल्या कागदावर ‘योग्य ट्रान्सफॉर्मर वापरावा’ एवढंच छापलेलं होतं. योग्य म्हणजे कुठला, हे कोण सांगणार? आता घराच्या मागच्या बाजूला, जिथे वायर जोडतात तिथेच, ‘फक्त ४ व्होल्ट’ अशी चिठ्ठी दोऱ्याने बांधून पाठवणार आहोत. ज्या दिव्यांचे बल्ब बदलता येतात त्यांचे बल्ब आणि एक ४ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर कपाटाबरोबरच येईल. तोवर एक करा, प्रत्येक छोटा प्लग बोटाने चाचपून बघा. एखादा मऊ पडला असेल किंवा वायरचं आवरण चिकट लागत असेल, तर तो दिवा पुन्हा जोडू नका.

खुर्ची. ती जळलेली नाही आणि आमच्याकडे वितळलेलीही नाही. बैठकीवर दोन उथळ खळगे आहेत, त्यांत बोट फिरवलं तर कडा गुळगुळीत लागतात. मऊ प्लास्टिकची बाहुली कडक प्लास्टिकवर वर्षानुवर्षं तशीच बसवून ठेवली, की बाहुलीतलं प्लास्टिसायझर, म्हणजे प्लास्टिक मऊ ठेवणारं द्रव्य, हळूहळू बाहेर येतं आणि खालचं प्लास्टिक खातं. आधीच्या मालकांच्या माळ्यावर कुणीतरी तिथे फार दिवस बसून होतं, एवढाच त्याचा अर्थ. लिस्टिंगच्या सहाव्या फोटोत हे खळगे दिसतात आणि खाली तसं लिहिलेलंही आहे. इथे मी माफी मागत नाही.

आता वॉलपेपर. तुम्ही म्हणता, ‘एवढे पैसे घेतले तर नवा कागद लावून द्यायला काय झालं होतं?’ बैठकीच्या खोलीत डाव्या भिंतीवर जो गडद चौकोन आहे, त्याला तुम्ही डाग म्हणताय. खरं तर तिथलाच कागद मूळ रंगाचा उरलाय. त्या जागी एक कपाट उभं होतं. त्याच्या मागे उजेड पोचला नाही, बाकीच्या भिंतीचा रंग उडाला. ते कपाट तुमच्याकडेच आहे, ते चौकोनावर लावून बघा, कडेला कड जुळते. मी जुळवून पाहिलीय.

आणि हा कागद बदलायचा नाही याचं कारण नुसतं हळवेपण नाही. लुंदबी ही स्वीडनमधल्या गोथेनबर्गमध्ये १९४७ साली सुरू झालेली कंपनी. त्यांच्या घरांचे वॉलपेपर काही वर्षांनी बदलत गेले. घर कुठल्या काळातलं हे संग्राहक ज्यावरून ओळखतात, त्यात जुन्या कॅटलॉगमधले भिंतींचे नमुने महत्त्वाचे असतात. तुमच्या घराचा काळ आम्ही जो लिहिला, तो याच कागदावरून. तो सोलून नवा चिकटवला असता तर घर चकचकीत दिसलं असतं, पण त्याचा जन्मदाखला आम्हीच फाडल्यासारखं झालं असतं.

हे मी अनुभवाने बोलते. धंद्याच्या सुरुवातीला माझ्याकडे मॉरित्झ गॉटशाल्क या जर्मन कंपनीचं एक निळ्या छपराचं घर आलं होतं. लाकडावर छापील कागद चिकटवून विटा, खिडक्यांच्या चौकटी दाखवलेल्या असतात तसलं. त्यांची निळ्या छपराची घरं आधीची आणि लाल छपराची नंतरची, एवढं मला माहीत होतं. तळाचं लाकूड काळपट झालेलं, ते मला बघवेना. बारीक पॉलिश पेपर घेतला आणि हौसेने घासून काढलं. अर्ध्या तासात लाकूड स्वच्छ निघालं, लोण्यासारखं. मग घेण्याआधी काढलेले फोटो सहज चाळताना दिसलं, तळाच्या कोपऱ्यात पेन्सिलने काहीतरी लिहिलेलं होतं. गॉटशाल्कच्या घरांवर मॉडेलचा नंबर तिथेच, हाताने लिहिलेला असतो. फोटो तिरका होता. पहिला आकडा वाचता येत होता, पुढचे नाहीत. ते घर अजून माझ्याकडेच आहे, विकायचं मन होत नाही. तेव्हापासून मऊ ब्रशने धूळ काढते, सुटलेलं टोक चिकटवते आणि हात आवरते. ओलं फडकं तर या कागदांना लावायचंच नाही. तुम्हीही लावू नका, आणि घर खिडकीसमोर ठेवू नका, नाहीतर तो चौकोनही फिका पडेल.

शेवटी तुम्ही लिहिलंय, की घर चार वर्षांच्या मुलीच्या वाढदिवसासाठी होतं. हे ऑर्डरच्या वेळी कळलं असतं तर मी विकलंच नसतं. बोटाच्या पेरापेक्षा लहान प्लग, सुटे दिवे, आणि जुन्या खेळण्यांच्या रंगांत शिसं असू शकतं ते वेगळंच. एवढ्या लहान मुलीला नवं, मजबूत घर घेऊन द्या. हे तुमच्यासाठी ठेवा किंवा परत पाठवा. आता ऑर्डरच्या फॉर्ममध्ये ‘कुणासाठी घेताय’ हा प्रश्न टाकलाय. तो आधीच असायला हवा होता.

परत पाठवायचं ठरलं तर पूर्ण रक्कम मिळेल, कुरिअरचा खर्च आमचा, गेलेल्या बल्बचे पैसे कापणार नाही. भंगार म्हणालात ते तेवढं मान्य नाही, पण त्यावर वाद घालत बसत नाही. आमचंच खोकं असेल तर तेच वापरा. दिवे काढून कापसात ठेवा, आणि बाहुल्या वेगळ्या कागदात गुंडाळा. खुर्च्यांवर बसवून पाठवू नका.