दावणीची गाय जास्त दूध देते?

दूध उत्पादकांमध्ये एक मजकूर सतत फिरत असतो. म्हणणं असं: मुक्त गोठा, म्हणजे गाई न बांधता मोकळ्या सोडायच्या, हा पैसेवाल्यांचा शौक. गाय बांधून ठेवली की चालण्यात ताकद जात नाही, खाल्लेलं सगळं दुधात उतरतं. दांडक्याचा धाक हवाच. गाईने दूध चोरलं, म्हणजे कासेत अडवून ठेवलं, तर इंजेक्शन आहे. जनावराचं सुख बघत बसलं तर धंदा बुडतो.

हे वाचून नवी पोरं कर्ज काढून गोठे बांधताहेत, म्हणून उत्तर द्यायला हवं.

चालण्यात ताकद जाते, हे खरं. पण किती? 500 किलोची गाय सपाटीवर 1 किलोमीटर चालली तर साधारण 300 मिली दुधाइतकी ऊर्जा खर्च होते. एवढं वाचवताना काय घालवतो ते बघा. दुधात सुमारे 87 टक्के पाणी असतं. एक लिटर दुधामागे गाईला 3 ते 4 लिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात आणखी जास्त. पंधरा लिटरच्या गाईला सकाळ-संध्याकाळ बादली दाखवली तर ती तहानलेली राहते, मग चाराही कमी खाते. मोकळी गाय हवं तेव्हा हौदावर जाते.

बसण्याचंही तेच. गाय दिवसातले 10 ते 12 तास बसते, रवंथही बहुतेक बसूनच करते आणि बसल्यावर कासेतला रक्तपुरवठा वाढतो. एक लिटर दुधासाठी कासेतून 400 ते 500 लिटर रक्त फिरावं लागतं. आखूड दाव्यावर, ओल्या फरशीवर ती बसायचं टाळते. खुरं बिघडतात. बसलीच तर सड शेणात, आणि मग दगडी, म्हणजे कासेचा दाह.

सगळ्यात मोठं नुकसान मात्र वहीत कुठेच दिसत नाही, ते माजाचं, म्हणजे गाय फळायला तयार असते त्या वेळेचं. मोकळ्या कळपात गाय माजावर आली की बाकीच्या तिच्यावर उड्या घेतात आणि ती स्थिर उभी राहते. लांबूनही कळतं. दावणीला मुका माज, म्हणजे बाहेरून खुणा न दिसणारा, सहज निसटतो. एक निसटला की 21 दिवस गेले, तीन निसटले की दोन महिने. पुढचं वेत लांबतं, भाकड दिवस वाढतात, खुराक चालूच राहतो. रोजच्या लिटरवर हिशेब मांडणाऱ्याला हे कळत नाही. वर्षाचा मांडा.

आता धाकाबद्दल. सड चोळले की गाईच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन हे संप्रेरक सुटतं आणि पान्हा येतो, तो पाच-सात मिनिटांचाच. घाबरलेल्या गाईच्या अंगात ॲड्रेनालिन वाढतं आणि ते पान्हा अडवतं. जेफ रशेन आणि सहकाऱ्यांनी 1999 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, आधी त्रास दिलेला माणूस धारेच्या वेळी नुसता जवळ उभा राहिला तरी कासेत मागे राहणारं दूध 70 टक्क्यांनी वाढलं. गाय दूध चोरते म्हणतात, तेव्हा अनेकदा दांडकंच ते अडवत असतं.

गाईला मोकळं, सुखात ठेवा म्हणणारे आपल्या बाजूचेही एक आकडा फिरवतात: नावाने हाक मारलेली गाय वर्षाला 258 लिटर जास्त देते. न्यूकॅसल विद्यापीठाचं 2009 चं ते काम शेतकऱ्यांना विचारून केलेलं होतं. नाव ठेवणारा माणूस बाकी निगाही जास्त राखत असणार. पुरावा म्हणून तो आकडा मी वापरत नाही.

ऑक्सिटोसिनच्या इंजेक्शनने दूध तयार होत नाही, कासेतलं बाहेर येतं, इतकंच. सवय लागली की गाय त्याशिवाय पान्हाच सोडत नाही. दूध वाढवण्यासाठी जनावराला अपाय करणारं इंजेक्शन देणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 12 नुसार गुन्हा आहे.

राहिलं शेवटचं वाक्य, सुख परवडत नाही. काही ठिकाणी ते खरंच परवडत नाही. पिंजऱ्यातली कोंबडी कमी जागेत, कमी खाद्यात अंडं देते. म्हणूनच युरोपीय संघाने साधे पिंजरे 1 जानेवारी 2012 पासून कायद्याने बंद केले, नफ्या-तोट्यावर सोडले नाहीत. आपल्याकडे संकरित गाईचा गोऱ्हा आणि म्हशीचा रेडा यांना पाजलेल्या दुधाचा हिशेब कधीच जुळत नाही. कित्येकांना चीकही पोटभर मिळत नाही. लिंगवर्गीकृत रेतमात्रा, म्हणजे मादी वासरंच व्हावीत म्हणून निवडलेलं वीर्य, वापरल्या तर सुमारे 90 टक्के कालवडी होतात, त्यामुळे पुढे हा प्रश्न कमी होईल. पण आज गोठ्यात असलेल्या गोऱ्ह्याला दूध सोडावंच लागेल, आणि तो खर्च खुराकासारखाच धंद्याच्या खात्यावर टाकावा लागेल.