पाच मिनिटांची सूट नाहीये ती
गोल्फची फेरी सुरू करायला ‘पाच मिनिटं उशीर चालतो’ असं लेखात म्हटलंय, ते अर्धवट आहे. गोल्फच्या नियम ५.३ नुसार सुरुवातीची वेळ नऊ म्हणजे ९:००:००. त्या क्षणी तयारीनिशी टीवर (पहिला फटका मारायच्या जागी) नसलात तर स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजतात तो प्रकार) दोन फटक्यांचा दंड, मॅच प्लेमध्ये (एकेक होल जिंकायचा प्रकार) पहिलं होलच गेलं. पाच मिनिटांहून जास्त उशीर झाला तर थेट बाद. हातमोजा आणायला लॉकरकडे पळालात नि तेवढ्यात नऊ वाजले, तरी तेच! वेळेआधी मारलं तरी दंड, हे तर बऱ्याच जणांच्या गावीही नसतं. ट्रॅफिकची सबब तर सोडाच. १९८० च्या यूएस ओपनमध्ये स्पेनचे गोल्फपटू सेव्हे बायेस्टेरोस दुसऱ्या फेरीला उशिरा पोहोचले नि बाद झाले, तेही त्याच वर्षी एप्रिलमध्ये मास्टर्स स्पर्धा जिंकलेली असताना.