फिनाइलची बाटली

हात अजून थरथरतोय, टाइप करताना चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

दुपारी समोरच्या वहिनींचा डबा परत द्यायला गेले होते. त्यांच्या ओट्यावर, गॅसच्या कडेला एक स्प्रेची बाटली. आत दुधट पाणी. सहज विचारलं, तर म्हणाल्या, "फिनाइल घातलंय त्यात. पिल्लू ओट्यावर चढलं की एक फवारा मारायचा. नुसत्या पाण्याला आता घाबरेनासं झालंय."

५ महिन्यांचं मांजराचं पिल्लू आहे हो ते! मांजर अंगावर जे पडेल ते चाटून साफ करतं, हे त्यांच्या डोळ्यांसमोर रोज घडतं. आणि फिनाइलमध्ये असतं तसलं फिनॉल मांजराच्या यकृताला मोडून बाहेर टाकता येत नाही, आपल्याला येतं तसं. म्हणजे शिस्तीच्या नावाखाली रोज थोडं थोडं विष. मी ती बाटली तिथेच मोरीत ओतली आणि भरपूर पाणी सोडलं. वहिनींना राग आला. येऊ दे.

पण घरी आल्यावर रडू आलं, ते मात्र आमच्या मांजरीच्या, चिंगीच्या आठवणीने.

जुन्या मित्रमंडळींना ठाऊक आहे, चिंगीच्या पुढच्या उजव्या पंजावर एक गुळगुळीत डाग आहे, तिथे केस येत नाहीत. आजवर विचारणाऱ्यांना मी "तव्याला भाजली" एवढंच सांगत आले. पुढचं आज सांगते. ती आमच्याकडे आली तेव्हा मीही बाटली ठेवली होती. साध्या पाण्याची, पण बाटलीच. दोन महिने तिच्यामागे लागले होते. मी स्वयंपाकघरात असले की ती खाली, मी गॅलरीत गेले की ती वर. मला वाटायचं, लबाड आहे. एका संध्याकाळी भाकऱ्या करून तवा गॅसवरच ठेवला होता, ज्योत नुकतीच बंद केलेली. मी आत आले, ती ओट्यावर दिसली, मी ओरडले आणि बाटली उचलली. ती दचकून पळाली ती सरळ तव्यावरून.

तिचा तो आवाज मी विसरू शकत नाही.

पंजा नळाखाली धरला, आणि रिक्षा करून डॉक्टरांकडे पळालो. (भाजलं तर मलम फासू नका, चाटून पोटात जातं. गार पाणी आणि डॉक्टर, बस.) १५ दिवस गळ्यात प्लास्टिकचा शंकू. ओट्याची भीती तिला कधी बसलीच नव्हती, भीती बसली होती माझी. बाटली तेवढंच शिकवते.

मांजराला उंची लागते. वरून सगळं घर दिसलं की त्याला सुरक्षित वाटतं. त्यात आपला ओटा म्हणजे उबदार, वासाचा, वर नळ ठिबकतोय. चढेल नाही तर काय करेल?

आमच्या आजीला हे कोणी शिकवलं नव्हतं. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या जुन्या घरात तुळईला शिंकं होतं, दूध-लोणी त्यात. उरलेलं जाळीच्या कपाटात. बोका दिवसभर स्वयंपाकघरात फिरायचा, आजीने कधी लाटणं उगारलं नाही. मांजर मारलं तर काशीला जाऊन सोन्याचं मांजर दान करावं लागतं म्हणायची, पण मला नाही वाटत ती तेवढ्यासाठी थांबायची. शिंक्याचं तुटलं आणि बोक्याचं फावलं म्हणतात ना, त्यात दोष शिंक्याचा आहे. बोक्याला कोणी बोल लावत नाही.

हो, शी-शूच्या मातीच्या ट्रेमधून आलेले पाय पोळपाटाशेजारी नकोत, मान्य. मलाही नकोत. आपल्या घरांतून नैवेद्याचं ताट त्याच ओट्यावर वाढलं जातं, हे मला कुणी सांगायला नको.

म्हणूनच तर स्टूल ठेवलं. ओट्याइतकंच उंच, खिडकीला लागून, वर जुन्या गोधडीची घडी. पोळ्या लाटायच्या आधी चिंगीचं पोट भरायचं. ती स्टुलावर बसली की लगेच तिच्या खाण्याचा एक दाणा, तिथल्या तिथे. ओट्यावर आली तर ओरडायचं नाही, बोलायचं नाही, उचलून स्टुलावर ठेवायचं. ठिबकणाऱ्या नळाचा वायसर बदलला, पाण्याचं पसरट भांडं खाण्यापासून लांब ठेवलं. ओट्यावर उघडं काही नाही, आणि गरम बर्नरवर नेहमी पाण्याचं पातेलं. महिनाभरात कणीक मळायला घेतली की ती आपणहून स्टुलावर येऊन बसू लागली. घरातल्या सगळ्यांनी मात्र एकच नियम पाळला. एकाने ओट्यावर दुधाची साय चाटवायची आणि दुसऱ्याने हाकलायचं, असं केलं तर ते जनावर काय समजणार?

रात्री कोणी बघत नसताना ती चढत नाही, असं मी छातीठोक सांगणार नाही. सकाळी चहाच्या आधी ओटा पुसते. दोन मिनिटं लागतात.

आणि ज्यांना हे सगळं "जनावराचे फाजील लाड" वाटतं त्यांच्यासाठी: प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध आपल्याकडे १९६० पासून कायदा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. पन्नास रुपये! एका जिवाच्या यातनेची ही किंमत लावलीय आपण. कोणी तक्रार करेल, कोणाला शिक्षा होईल, याची वाट बघत बसण्यात काही अर्थ नाही. जे थांबवायचं ते आपल्यालाच, आपल्याच शेजारात जाऊन.

वहिनी वाईट नाहीत. माझ्या ऑपरेशनच्या वेळी आठवडाभर त्यांनीच डबा पाठवला होता. त्यांना कोणी सांगितलंच नसेल. मलाही कुठे कोणी सांगितलं होतं? आज मी जरा जास्त बोलले त्यांना, ते लिहिता लिहिता कळतंय.

चिंगी आत्ता स्टुलावरच आहे, डाग असलेला पंजा पोटाखाली घेऊन. माळ्यावर दुसरं एक लाकडी स्टूल पडलंय, एक पाय जरा हलतो. ह्यांना आज रात्रीच खिळा मारायला सांगितलाय. सकाळी ते आणि दाण्यांची एक पुडी घेऊन वहिनींकडे जाते.