खुलासा : डिरेक्टरीचा लिंक काउंट म्हणजे फाइलींची संख्या नव्हे

ऐरोलीतील आमच्या अभ्यासगटात सध्या एक टिपण फिरत आहे : लिनक्ससारख्या प्रणालीसाठी स्वतःची फाइल सिस्टिम (डिस्कवरील फाइलींची मांडणी सांभाळणारा भाग) लिहिताना डिरेक्टरीत, म्हणजे फोल्डरमध्ये, नवी फाइल आली, की त्या डिरेक्टरीचा लिंक काउंट एकाने वाढवावा. हे चुकीचे आहे.

हा आकडा त्या डिरेक्टरीच्या आयनोडकडे (तिची माहिती साठवणाऱ्या नोंदीकडे) निर्देश करणाऱ्या नावांचा असतो. रिकाम्या डिरेक्टरीचा काउंट सहसा २ असतो, कारण एक नाव पालक डिरेक्टरीत (ती जिच्या आत आहे तिच्यात) आणि दुसरे तिच्या स्वतःच्या आत, म्हणजे एक टिंब (.) हे नाव. पुढे प्रत्येक उपडिरेक्टरीतील दोन टिंबे (..) हे नाव पालकाकडे, म्हणजे या डिरेक्टरीकडेच बोट दाखवते, म्हणून दर उपडिरेक्टरीमागे काउंट एकाने वाढतो. आत ३ उपडिरेक्टऱ्या आणि ५०० फाइली असल्या, तरी काउंट ५ च. उपडिरेक्टरी दुसरीकडे हलवली, तर जुन्या पालकाचा एकाने घटवून नव्याचा वाढवावा लागतो, आणि नवशिके हमखास विसरतात ते हेच.

काउंट खऱ्या आकड्यापेक्षा कमी लिहिला, तर त्यावर विसंबणारी 'फाइंड' ही फाइली शोधणारी आज्ञा उरलेल्या उपडिरेक्टऱ्या न पाहताच पुढे जाऊ शकते. अचूक हिशेब ठेवणे जमत नसेल, तर बीटीआरएफएस या लिनक्सवरील फाइल सिस्टिमप्रमाणे तो कायम १ ठेवावा. काउंट १ दिसला, तर 'फाइंड' त्यावर विसंबत नाही.